हार आणि दगड



बायबलच्या नव्या करारात, ‘प्रेषितांची कृत्ये’च्या चौदाव्या अध्यायात एक गमतीची आणि तितकीच भयंकर हकीकत आहे. पौल आणि बर्णबा हे ख्रिस्ताचे दोन प्रचारक लुस्त्र गावी (आजच्या तुर्कस्तानात, कोन्याजवळ) पोचतात. पौलाच्या शब्दासरशी एक जन्माचा पांगळा उठून चालू लागतो. झाले! देवच माणसांच्या रूपाने उतरले, अशी आवई उठते. बर्णबा ठरतो झ्यूस. पौल बोलका, म्हणून तो देवांचा निरोप्या हर्मीस. पुजारी बैल आणि हार घेऊन हजर! अंगावरचे कपडे फाडत, ‘आम्हीही माणसेच’ असे ओरडत दोघे गर्दीत शिरतात, तेव्हा कुठे बळी टळतो. पुढे बाहेरगावचे विरोधक येऊन जमावाचे कान फुंकतात आणि पौलावर दगड पडतात. मेला समजून त्याला गावाबाहेर ओढून टाकतात.

हार आणणाऱ्यांना निरोप ऐकायचा नव्हता, दगड मारणाऱ्यांनाही नाही. दोघांत आम्हाला हारवाले अधिक धोक्याचे वाटतात.

आपले गाडगेबाबा आठवा. पाया पडायला आलेल्यावर ते काठी उगारत. आपण कोणाचे गुरू नाही, आपला कोणी शिष्य नाही, हे त्यांनी जन्मभर सांगितले. गावात शिरले की आधी खराटा, रात्री कीर्तन. आणि कीर्तनात नुसते प्रश्न. कर्ज काढून सण का करता? देवापुढे बकरे का कापता? पोराला शाळेत का घालत नाही? २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. आता त्यांची मंदिरे आहेत, मूर्ती आहेत, आरती आहे. लुस्त्रच्या पुजाऱ्याचा बेत फसला, कारण अडवायला पौल जिवंत होता.

येत्या २३ फेब्रुवारीच्या जयंतीला तसबीर, हार आणि दीपप्रज्वलन यांना फाटा द्यावा, अशी आमची सूचना आहे. (काहींना ती रुचणार नाही, याची कल्पना आहे.) रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत खराटा कंत्राटी कामगारांच्या हातात असतो. ओमानच्या नियमानुसार जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचे काम बंद ठेवावे लागते. आपल्यातले बरेच जण कारखान्यांत अधिकाराच्या जागी आहेत. आपापल्या कंत्राटदाराकडे हा नियम पाळला जातो का, कामगारांना सावली आणि गार पाणी मिळते का, याची माहिती प्रत्येकाने बैठकीला घेऊन यावी. हाराच्या पैशांचे काय करायचे, तेही तिथेच ठरवू.