बाहेर पडायचं बटण



गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात एका अ‍ॅपवरून वाद झाला. सभासद होण्याचं बटण पहिल्याच स्क्रीनवर, मोठं आणि हिरवं. सभासदत्व रद्द करायचं बटण मात्र चार स्क्रीन आत, फिक्या राखाडी अक्षरांत. क्लायंटला ते तसंच हवं होतं. मी म्हणाले, आता हे चालणार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या युक्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली आहे. 'आत घ्या सहज, बाहेर पडू द्या मुश्किलीने' हीसुद्धा त्या यादीत आहे. बरीच हुज्जत झाल्यावर बटण वर आलं.

त्या दिवशी घरी येताना मेट्रोत मला माझा आत्तेभाऊ आठवला. आम्ही त्याला दादा म्हणतो. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला आणि तिथे एका पंथात सामील झाला. पंथाचं नाव सांगत नाही, कारण नावाने फारसा फरक पडत नाही. सुरुवातीला सगळं छानच होतं. परक्या शहरात आठवड्यातून दोनदा घरचं जेवण, आजारी पडला तर डबा घेऊन येणारी माणसं. दीड-दोन वर्षांत त्याची खोली त्यांच्यातल्याच एकाकडे, नोकरी त्यांच्यातल्याच एकाच्या कंपनीत आणि मित्र तर सगळे तिथलेच. मग हळूहळू कळत गेलं की लग्न, नोकरी बदलणं, सणाला घरी जाणं, या सगळ्याला परवानगी लागते. शंका विचारणारा 'कच्चा' ठरतो. आणि सोडून गेलेल्याचं नावही कुणी काढत नाही.

सहा वर्षांनी तो परत आला. मी विचारलं, "दादा, तुला फसवलं का रे त्यांनी?" तो म्हणाला, "खोटं कुणी बोललं नाही. पण पुरतं कुणी सांगितलंही नाही. जेव्हा कळलं, तेव्हा सोडायचं म्हणजे घर, नोकरी, माणसं सगळंच सोडायचं होतं."

तेव्हापासून मी या विषयावर वाचते आहे. सर्वांत जास्त कागदपत्रं आणि माजी सभासदांची पुस्तकं मिळाली ती 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाबद्दल. १८७० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या बायबल-अभ्यास मंडळांतून हा पंथ निघाला आणि आजचं नाव त्याने १९३१ साली घेतलं. दारोदार जाऊन शिकवण सांगणं, वाढदिवस न करणं, रक्त न घेणं या गोष्टी नव्या माणसाला आधीच सांगितल्या जातात. त्यात लपवाछपवी नाही.

मग नंतर काय कळतं? पहिली गोष्ट म्हणजे बाप्तिस्म्याची खरी किंमत. बाप्तिस्मा न घेतलेला पाहुणा कितीही वर्षं आला, कितीही शंका काढल्या, तरी त्याचं स्वागतच होतं. पण बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला मंडळीतून काढलं किंवा तो स्वतः पत्र देऊन बाहेर पडला, की बाकीच्यांनी त्याच्याशी ऊठबस ठेवायची नाही. एका घरात राहणाऱ्यांचा संसार चालू राहतो, पण वेगळ्या घरात राहणाऱ्या मुलाशी आईवडिलांनीही कामापुरतंच बोलायचं. २०२४ मध्ये यात थोडी सैल दिली गेली. सभेला आलेल्या अशा माणसाला दोन शब्द बोलून नमस्कार करता येतो. तेवढंच.

दुसरी गोष्ट म्हणजे आपण सही करतो त्या अटी पुढे बदलू शकतात. अवयव-रोपण चुकीचं आहे, असं १९६७ साली त्यांच्या मासिकात छापून आलं. १९८० साली तो ज्याच्या-त्याच्या विवेकाचा प्रश्न ठरला. मधल्या तेरा वर्षांत ज्याला मूत्रपिंडाची गरज पडली असेल, त्याने काय करायचं?

रेमंड फ्रांझ यांची हकिगत तर विचार करायला लावणारी आहे. १९७१ ते १९८० ते या पंथाच्या सर्वोच्च नियामक मंडळावर होते. स्वतःहून बाहेर पडलेल्यांनाही काढून टाकलेल्यांसारखंच वागवायचं, असा नियम १९८१ च्या सप्टेंबरात छापला गेला. फ्रांझ ज्यांच्याकडे नोकरी करत होते ते गृहस्थ असेच बाहेर पडलेले होते. फ्रांझ त्यांच्याबरोबर जेवले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना काढून टाकण्यात आलं. इतक्या वर जाऊन बसलेल्या माणसालाही बाहेरचं दार एका जेवणाने दिसलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. या माणसांनी श्रद्धेसाठी फार सोसलं आहे. हिटलरच्या छळछावण्यांत त्यांच्या कपड्यांवर जांभळा त्रिकोण असे. आपल्याकडे केरळात राष्ट्रगीताला उभी राहणारी पण ते न गाणारी तीन भावंडं शाळेतून काढली गेली, तेव्हा १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलांच्या बाजूने निकाल दिला. श्रद्धा जपण्याचा हक्क त्यांना मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. पण श्रद्धा सोडणाऱ्याचं काय? कॅनडातल्या कॅल्गरीमध्ये घरविक्रीचा व्यवसाय करणाऱ्या एका सभासदाला काढून टाकलं. त्याची बरीच गिऱ्हाइकं पंथातलीच होती, ती गेली. तो न्यायालयात गेला. २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धार्मिक मंडळीने कुणाला सभासद ठेवावं हा आमच्या अखत्यारीतला विषय नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. कुणाशी बोला, असा हुकूम न्यायालय कसा देणार?

आता 'हे त्यांच्यातलं आहे' असं म्हणून आपण मोकळे होणार असू, तर जरा थांबा. 'वाळीत टाकणे' हा शब्द आपल्या भाषेत आधीपासून आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढं रामायण झालं! न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. आणि जातपंचायतींचे बहिष्कार तर आपल्या काळातले. म्हणून तर महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो कायदा आपल्या हैदराबादेत लागू नाही, पण बहिष्कार घालायची वृत्ती काही राज्याची हद्द पाहून थांबत नाही.

दादा परत आल्यापासून, कुणी मला नव्या सत्संगाला, मंडळाला किंवा शिबिराला बोलावलं की मी तीन प्रश्न विचारते. इथून सोडून गेलेली माणसं कुठे आहेत, आणि मी त्यांच्याशी बोलले तर चालेल का? मी उद्या आले नाही तर तुमच्यापैकी कोण माझ्याशी बोलेल? आणि इथले नियम शेवटचे कधी बदलले, कुणी बदलले? चांगल्या ठिकाणी या प्रश्नांचा कुणाला राग येत नाही. राग आला, तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

आता आत्याबद्दल. ती सहा वर्षं तिला घरात सगळे भोळी म्हणत होते. मामंजी चिडायचे, आम्ही पोरं दादाला लांबलचक मेसेज पाठवून त्याची चूक पटवून द्यायचो. त्याने आमचे नंबर ब्लॉक केले. आत्या मात्र दर रविवारी काचीगुड्याच्या घरातून फोन करायची. कधी तो उचलायचा, कधी नाही. उचलला की ती एवढंच विचारायची, "जेवलास का रे?" पंथाचा विषय नाही, रडणं नाही, 'परत ये' नाही.

"तिथून निघायचं ठरवलं तेव्हा पहिला फोन कुणाला केलास?" मी दादाला विचारलं होतं.

"आईला. बाकी कुणाचा नंबर उरला होता?"

आमच्या अ‍ॅपमधलं बटण आम्ही वर आणलं. पण माणसाच्या आयुष्यात ते बटण आतल्यांच्या हाती नसतं. ते बाहेरच्यांनी चालू ठेवायचं असतं. तुमच्या घरातलं कुणी असं लांब गेलं असेल, तर वाद जिंकायच्या भानगडीत पडू नका. रविवारी एक फोन करा. उचलला नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा करा.

भेटू पुढच्या महिन्यात.