व्यंगालाच भाव

२००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहानग्या मुलाच्या मागे मागे चालणारा ‘पग’ कुत्रा घराघरांत पोहोचला आणि पाहता पाहता भारतीय मध्यमवर्गाचा लाडका झाला. त्याचे वाटोळे, पुढे आलेले डोळे हे या लाडाचे एक प्रमुख कारण. दुर्दैवाने त्याच्या यातनांचे मूळही तेच आहे.

पिढ्यान्‌पिढ्या अधिकाधिक चपट्या तोंडाच्या नर-माद्यांची निवड होत गेल्याने पगाची नेत्रखोबण उथळ झाली. तीत न मावणारे डोळे बाहेर डोकावतात. कित्येकांच्या पापण्या झोपेतही पुरत्या मिटत नाहीत. उघडा भाग कोरडा पडतो. त्यातच नाकावरील वळीचे केस आणि आत वळलेली पापणी डोळ्यावर घासत राहते. पारदर्शक पटलाला व्रण पडतात, त्यावर काळसर रंगद्रव्य साचते आणि दृष्टी अधू होते. गळपट्ट्याला जोराचा हिसका बसला तर डोळा खोबणीबाहेर येण्याचीही भीती! चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत अशा व्रणांचा संभव सुमारे वीसपट असल्याचे ब्रिटनमधील २०१५ च्या संशोधनात आढळले.

जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी लिहिलेला निबंध अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. विक्रेत्याला ठाऊक असलेला दोष ग्राहकाला दिसत नाही, म्हणून बाजार बिघडतो, असे त्याचे प्रतिपादन. पगाच्या बाजाराची तऱ्हा याहून विचित्र. येथे दोष झाकलेला नाही; तो उघड दिसतो आणि त्याच्याचसाठी दाम मोजला जातो. मग पैदास करणाऱ्याने तो कमी का करावा? औषधोपचाराचा खर्च पुढे मालकाच्या माथी. वेदना मात्र मुक्या जिवाच्या वाट्याला.

हा प्रश्न केवळ ग्राहकाच्या सदसद्विवेकावर सोपविता येणार नाही. भारतात २०१७ च्या नियमांनी पैदासकारांना नोंदणी सक्तीची केली, आठ आठवड्यांखालील पिलांची विक्री निषिद्ध ठरविली. हे योग्यच झाले. परंतु नोंदणीने कवटीचा आकार बदलत नाही. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून कवटीच्या तुलनेत मुस्कटाची लांबी मोजून फार आखूड तोंडाच्या जनावरांची पैदास रोखण्यात आली. असे मोजमाप येथील परवान्यालाही जोडणे अशक्य नाही.

त्यामुळे जातीची शुद्धता जाईल, असा आक्षेप निश्चित येईल. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ मध्ये स्वतःच्या तसबिरीत आपला पगही रंगविला आहे. त्या पगाचे नाक चांगले लांब आहे.