बोलका संगणक, मुकी कागदपत्रे

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात जालना रस्त्यावरच्या वाहतुकीला सहसा उसंत नसते. डोळस माणूस सिग्नल आणि पाट्या पाहून हा चौक ओलांडतो. अंध माणसाला तोच चौक कानांनी ओळखावा लागतो. वाहनांचा आवाज कोणत्या बाजूला थांबला आणि कोणत्या बाजूला सुरू झाला, यावर त्याचे पुढचे पाऊल ठरते. संगणकासमोर बसलेल्या अंध विद्यार्थ्याची स्थिती फारशी निराळी नसते. नोकरीची जाहिरात, परीक्षेचा अर्ज, प्रवेशपत्र, बँकेचे खाते हे सारे आता पडद्यावर आले आहे. तो पडदा वाचून दाखविणारी आज्ञावली म्हणजे ‘स्क्रीन रीडर’. कोणत्या संगणकावरचा कोणता स्क्रीन रीडर चांगला, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही. तो शिक्षणाचा आणि पोटापाण्याचा होतो.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१६ च्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळविला. दृष्टी पूर्णपणे गमावलेल्या पाटील यांच्या अभ्यासाला ‘जॉज’ या स्क्रीन रीडरची साथ होती. २०१९ मध्ये त्यांनी तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारीपदाची सूत्रे हाती घेतली. या आज्ञावलीचे मोल किती, हे यावरून ध्यानात यावे.

ज्याची त्याची कार्यप्रणाली

स्क्रीन रीडर पडद्याकडे ‘पाहत’ नाही. हे बटण आहे, हा मथळा आहे, हा रिकामा रकाना आहे, अशी माहिती संगणकाची कार्यप्रणाली एका ठराविक मार्गाने पुरवीत असते. ती घेऊन स्क्रीन रीडर तिचे बोलण्यात किंवा ब्रेलमध्ये रूपांतर करतो. प्रत्येक कार्यप्रणालीचा हा मार्ग वेगळा असल्यामुळे विंडोजवरचा स्क्रीन रीडर उचलून मॅकवर किंवा लिनक्सवर बसविता येत नाही.

विंडोजवर दीर्घकाळ ‘जॉज’चे राज्य होते. १९७८ मध्ये मोटार अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकेतील मोटारसायकल शर्यतपटू टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये तो प्रथम डॉसवर आणला. कार्यालयीन कामाच्या गुंतागुंतीच्या आज्ञावलींशी जुळवून घेण्याची क्षमता हे त्याचे बलस्थान आहे. अडचण होती ती किमतीची. या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच्या साध्या आवृत्तीचा परवाना अमेरिकेत ९०० डॉलरच्या घरात होता. मराठवाड्यातील सामान्य कुटुंबाला संगणकापेक्षाही त्याला बोलते करणे महाग पडावे, असा हा प्रकार होता.

ही भिंत प्रथम खिळखिळी केली ती ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने. त्याने २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ लिहावयास घेतला. जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. हा स्क्रीन रीडर विनामूल्य तर आहेच, शिवाय त्याची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. वेबएम या अमेरिकी संस्थेच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणात ४०.५ टक्के प्रतिसादकांनी ‘जॉज’ आणि ३७.७ टक्के प्रतिसादकांनी ‘एनव्हीडीए’ हा आपला मुख्य स्क्रीन रीडर असल्याचे सांगितले. विनामूल्य म्हणजे दुय्यम, हा समज त्यामुळे मागे पडावयास हरकत नाही. विंडोजचा स्वतःचा ‘नॅरेटर’ २००० सालापासून आहे. बरीच वर्षे तो नावापुरताच होता. विंडोज १० पासून मात्र तो बराच सुधारला.

अ‍ॅपलने निराळी वाट धरली. २००५ मध्ये मॅकच्या कार्यप्रणालीतच ‘व्हॉइसओव्हर’ अंतर्भूत करण्यात आला आणि २००९ मध्ये तो आयफोनवर आला. गुळगुळीत काच अंध माणसाला निरुपयोगी, ही समजूत त्याने खोटी ठरविली. तो वेगळा विकत घ्यावा लागत नाही; पण ज्या यंत्रात तो येतो, ते यंत्रच महाग असते. लिनक्सवरचा ‘ऑर्का’ विनामूल्य आहे. सन मायक्रोसिस्टिम्सच्या पाठबळावर तो वाढला. २०१० मध्ये ओरॅकलने सन ताब्यात घेतल्यानंतर ते बळ ओसरले आणि मोजक्या कार्यकर्त्यांच्या चिकाटीवर तो टिकला. अँड्रॉइड फोनवर ‘टॉकबॅक’ २००९ पासून आहे. संगणक दाराशी येण्यापूर्वीच फोन हाती येणाऱ्या अनेकांचा तो पहिला वाचक ठरतो.

मराठीचा कान

येथवरची तुलना जगातील कोणत्याही अंध वापरकर्त्याच्या उपयोगी पडेल. मराठी वापरकर्त्याची कसोटी यापुढे सुरू होते. स्क्रीन रीडर आणि त्याचा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी होत. उत्तम स्क्रीन रीडरला मराठी आवाज नसेल, तर मराठी मजकुरापुढे तो मुकाच. ‘एनव्हीडीए’सोबत येणारा ‘ईस्पीक’ मराठी बोलतो. त्याचा आवाज यांत्रिक आहे. परंतु वेग वाढविला तरी तो स्पष्ट राहतो आणि सरावलेल्या वापरकर्त्याला गोडव्यापेक्षा वेगाचे महत्त्व अधिक असते. गुगलचा मराठी आवाज अँड्रॉइडवर उपलब्ध आहे. आयफोनला मराठी आवाज मिळण्यास मात्र २०२२ साल उजाडावे लागले.

हिंदी आवाजावर मराठीचे काम भागविण्याची मर्यादा लगेच जाणवते. तो ‘ज्ञान’चे ‘ग्यान’ करतो. ‘जग’ आणि ‘जय’ यांतील ‘ज’ मराठी माणूस वेगवेगळा उच्चारतो. लिपीत मात्र त्याची खूण नसते. ‘दिन’ आणि ‘दीन’ तर कानाला जवळजवळ सारखेच लागतात. शुद्धलेखन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अशा वेळी एकेक अक्षर ऐकावे लागते किंवा बोटांखाली ब्रेल उमटविणारे उपकरण जोडावे लागते आणि ते उपकरण आजही महाग आहे.

दोष कोणाचा?

चांगला स्क्रीन रीडर आणि चांगला मराठी आवाज दोन्ही मिळाले, तरी वाचावयाचा मजकूरच मुका असेल तर काय करावयाचे? जुन्या धाटणीच्या फाँटमध्ये देवनागरी अक्षराचे केवळ चित्र रोमन अक्षराच्या जागी बसविलेले असते. ‘कृतिदेव ०१०’मध्ये लिहिलेला ‘कमल’ हा शब्द डोळ्यांना ‘कमल’च दिसतो; स्क्रीन रीडरला मात्र त्या जागी ‘डी, ई, वाय’ ही अक्षरे मिळतात. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच स्थान मिळाले, तरी ही सवय पुरती सुटलेली नाही. कागदावर सही-शिक्का उमटवून त्याचे स्कॅन संकेतस्थळावर चढविले, की परिपत्रक प्रसिद्ध झाले असे मानले जाते. संगणकाच्या लेखी ते निव्वळ छायाचित्र असते. चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावली मराठीसाठीही आहेत; पण रकान्यांच्या तक्त्यात त्या गोंधळतात आणि परीक्षेच्या वेळापत्रकात एक रकाना चुकला तर वर्ष वाया जाऊ शकते.

यावर कायदा नाही असेही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर सुगम असावा असे सांगतो. सरकारी नोकऱ्यांत अंध व अल्पदृष्टी असलेल्यांसाठी एक टक्का जागा राखून ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यापुढे जाऊन डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला. जागा राखीव, पण तिची जाहिरातच वाचता येत नाही, ही विसंगती आता केवळ गैरसोय म्हणून सोडून देता येणार नाही.

देशात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ५० लाख होती. त्यांच्यापैकी कोणी सल्ला विचारला, तर उत्तर अवघड नाही. हाताशी विंडोजचा संगणक असेल तर ‘एनव्हीडीए’ने आरंभ करावा, कार्यालयाची गरज असेल आणि परवान्याचा खर्च कार्यालय उचलणार असेल तर ‘जॉज’ शिकावा, फोनवर जो वाचक आधीच आहे, तो आजच सुरू करावा. परंतु किमतीची भिंत बरीचशी ढासळल्यानंतर उरलेली जबाबदारी वापरकर्त्याची नाही. मजकूर युनिकोडमध्ये लिहिणे, स्कॅनऐवजी मूळ मजकुराची प्रत देणे, प्रत्येक बटणाला नाव देणे या गोष्टींना फारसा निधी लागत नाही. लिहिणाऱ्याने सवय बदलली की पुरे.

क्रांती चौकाने मागण्यांचे अनेक मोर्चे पाहिले आहेत. वाचता येईल असा कागद द्या, ही मागणी त्या मानाने अगदी साधी आहे. ती पूर्ण करण्यासाठी कोणी चौकात उतरण्याची वाट पाहू नये. परिपत्रक संकेतस्थळावर चढविणाऱ्या कर्मचाऱ्याने आपल्याच संगणकावरचा स्क्रीन रीडर सुरू करून, डोळे मिटून ते एकदा ऐकले, तर मागणी काय आहे हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.