भोंग्याचं जरा ऐका!

लग्नाचा सीझन आला की ऑफिसातल्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. कुणी साताऱ्याला, कुणी लातूरला आणि अस्मादिक कळमनुरीला! हिंगोली जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी माझा मावसभाऊ डीजे चालवतो. पिकअपवर खाली बेसचे डबे, वर हॉर्नवाले टॉप. सेटअप एकदम सॉलिड, पण कर्ज काढून घेतलेला. आणि यंदा त्याचं एकच रडगाणं, ‘ताई, हॉर्नचे डायफ्राम टिकंनात बघ. दोन वराती झाल्या की एक उडतोय.’

तुम्ही म्हणाल, व्हॉल्यूम कमी कर की राजा! तेही खरंच, पण मेख आणखी एका ठिकाणी आहे. क्रॉसओव्हर! टॉपच्या डब्यात १२ इंची स्पीकर आणि त्याच्या वर हॉर्न. जाड आवाज स्पीकरकडे, बारीक आवाज हॉर्नकडे. ही वाटणी जिथे होते ती क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सी. भावाने ती ठेवली होती ८०० हर्ट्झवर. का? तर ‘आवाज भरीव येतो’!

आता फंडा असा की, हा आकडा आपल्या आवडीने नाही, भोंग्याच्या मापाने ठरतो. प्रत्येक हॉर्नला एक तळ असतो, कटऑफ. त्याच्या वर असेपर्यंत हॉर्नमधली हवा डायफ्रामला धरून ठेवते. खाली गेलात की ती साथ सोडते आणि तो पातळ पडदा मोकाट हलतो. फ्रिक्वेन्सी निम्मी केली की तेवढ्याच आवाजासाठी त्याला निदान दुप्पट हलावं लागतं. कटऑफखाली तर त्याहून कितीतरी जास्त. मग तडा जाणारच ना, बॉस!

हा तळ मोजायचा कसा? टेप घ्या. ढोबळ हिशेबात भोंग्याच्या तोंडाचा घेर एका तरंगलांबीइतका हवा. भावाच्या भोंग्याचं तोंड १५ सेंटिमीटर, घेर ४७. म्हणजे तळ ७३० हर्ट्झच्या आसपास. ८०० म्हणजे अगदी कडेलोटावरच! सेफ राहायचं तर तळाच्या दुप्पट, साधारण १५००.

मग थेट ३००० का नको? कारण १२ इंची स्पीकर जसजसा वर जातो, तसतसा त्याचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा अरुंद होतो. समोरच्याला सगळं ऐकू येतं, बाजूच्या मावशींना गाण्याचे शब्दच कळत नाहीत. मग डीजे व्हॉल्यूम वाढवतो. थोडक्यात, हॉर्न खालची हद्द ठरवतो, स्पीकर वरची.

खाली उतरायची हौसच असेल तर भोंगा मोठा घ्या. १९४० च्या दशकात थिएटरांसाठी निघालेले अल्टेकचे ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ स्पीकर ५०० किंवा ८०० हर्ट्झवर वाटणी करायचे. पण त्यांचे हॉर्न आणि ड्रायव्हर तसे दांडगे होते.

भावाने आता १६०० ठेवलंय, उतार २४ डेसिबलचा. शब्द स्वच्छ ऐकू येतात, डायफ्रामवरचा ताण कमी झालाय. पण कानाला स्पेअर पार्ट मिळत नाही. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या हिशेबाने १०० डेसिबलला रोजची मर्यादा फक्त १५ मिनिटं आहे. तेव्हा क्रॉसओव्हर कितीही परफेक्ट असो, नाचायचं ते हॉर्नच्या तोंडासमोरून बाजूला होऊनच. आणि हो, पोरांनाही सोबत ओढा!