संपाची झळ कोणाला?

मे २०१० मध्ये मोटरमननी उपोषणाचे हत्यार उपसले आणि मुंबईची लोकल दोन दिवस कोलमडली. चाकरमान्यांचे अतोनात हाल झाले. पण बेस्ट, रिक्षा असे पर्याय तरी हाताशी होते. जव्हार-मोखाड्यात रेल्वेचा रूळच नाही. पालघर, डहाणू वा कसारा स्थानक गाठायचे, तर एसटी हीच तेथील वनवासी बांधवांची लोकल! ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि उच्च न्यायालयाने दिलेल्या २२ एप्रिल २०२२ च्या मुदतीपर्यंत रेंगाळला. रुग्ण, विद्यार्थी व मजुरीसाठी स्थलांतर करणारी कुटुंबे यांना खच्चून भरलेल्या जीपगाड्यांचाच आधार उरला. तुटपुंज्या व रखडलेल्या वेतनाने पिचलेल्या कर्मचाऱ्यांचा संताप अनाठायी नव्हता. शासनात विलीनीकरणाच्या मागणीबद्दल दुमत असू शकते. मात्र संपाची झळ मंत्रालयाआधी पाड्याला लागते, याचा विसर दोन्ही पक्षांना पडला. वेतन वेळेवर देणे हे शासनाचे कर्तव्य. तर जेथे दुसरे साधनच नाही, तेथे संपकाळातही एक तरी फेरी चालू ठेवणे, हा कर्मचारी संघटनांचा सेवाधर्म होय.