नेमणूकपत्रावर नाव कोणाचे?

बारावीनंतर डी.फार्म. करून औषध कारखान्यात जाणारी मुले आता आपल्या दारव्ह्यातही आहेत. ‘मोठ्या कंपनीत लागला’ म्हणून पेढे वाटले जातात, निकाहाची बोलणीही त्याच भरवशावर होतात. आम्ही शिक्षक मात्र विचारतो : बेटा, नेमणूकपत्रावर नाव कोणाचे?

नागपूरचे उदाहरण पाहा. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही १९५४ सालची सरकारी कंपनी. तिची उपकंपनी, महाराष्ट्र अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स, १९७९ साली नागपुरात निघाली. सरकारी नोकरी म्हणजे पक्की भाकरी, असे कोणालाही वाटेल. पण ही कंपनी आजारी पडली, प्रकरण बीआयएफआर मंडळाकडे गेले आणि कारखाना बंद झाला. त्याच घराण्यातली बंगळूरची कर्नाटक अँटिबायोटिक्स मात्र टिकली. पिंपरीच्या मूळ कंपनीचीही हालत बिघडली. देणी भागवण्यासाठी तिची जादा जमीन विकण्याचा निर्णय केंद्राने २०१६ साली घेतला.

कायद्याच्या नजरेत उपकंपनी ही वेगळी कंपनी असते. ती बुडाली तर कामगारांचे देणे तिच्याच मालमत्तेतून फेडायचे असते. मूळ कंपनी कितीही मोठी असो, ती आपोआप बांधील होत नाही.

म्हणून हक्क माहीत हवेत. कायम कामगाराची पाच वर्षे भरली की ग्रॅच्युइटी मिळते : शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षे, भागिले २६. म्हणजे १८,००० रुपये पगार आणि दहा वर्षे नोकरी असेल तर सुमारे १,०३,८४६ रुपये. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य कंपनीवर येते. पण तिथे काम केल्याचा पुरावा लागतो.

हा पुरावा घरात सांभाळावा. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, ओळखपत्र, पीएफचा यूएएन क्रमांक, सगळे एका फाइलीत ठेवा आणि ती फाइल कुठे आहे हे अम्मीला व बायकोला माहीत असू द्या. पीएफचे नॉमिनेशनही तपासा.

आणि नोकरी गेल्यावर एकरकमी पैसा आलाच, तर आधी वर्षभराचे राशन आणि मुलांची फी बाजूला काढा. शादीचा खर्च, घराची फरशी नंतर पाहता येईल. बापाची नोकरी गेली म्हणून मुलीची शाळा सुटू देऊ नका.