सोळा गावांचं सोलापूर? मुळीच नाही

‘सोलापूर हे नाव कसं पडलं?’ सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांमधला हा हमखास प्रश्न, आणि उत्तरही ठरलेलं: सोळा गावं एकत्र आली म्हणून सोलापूर. माझ्या भाचीनं शाळेतल्या प्रश्नमंजूषेत वेगळं उत्तर दिलं आणि तिचा गुण कापला गेला. गुण गेल्याचं मला काही वाटत नाही. पण बरोबर उत्तर दिलेल्या पोरीला ‘पुस्तकात आहे तेच लिही’ असं बजावलं गेलं, याचा राग अजून उतरलेला नाही. म्हणून हा लेख.

सोळा गावांची गोष्ट सांगणारे नुसता आकडा सांगून थांबत नाहीत, गावांची यादीही देतात. आदिलपूर, अहमदपूर, फतेहपूर, मुहम्मदपूर, शेखपूर, राणापूर, जामदारवाडी, वैदकवाडी... ती यादी जरा सावकाश वाचावी. त्या सोळांत एक नाव खुद्द ‘सोलापूर’ हेच आहे! सोळा गावं मिळून सोलापूर झालं, तर त्या सोळांतलं एक आधीच सोलापूर कसं? त्याच यादीत सोनलगी आणि संदलपूरही आहेत. ही तर याच गावाची जुनी नावं. एकाच माणसाचं पाळण्यातलं नाव, घरातलं नाव आणि शाळेतलं नाव लिहून तीन माणसं मोजावीत, तसा हा हिशेब आहे.

आता काळ पाहू. मोहोळ तालुक्यात कामती इथं शके 1238चा, म्हणजे इसवी सन 1316च्या सुमाराचा संस्कृत शिलालेख मिळाला. त्यात या गावाचं नाव ‘सोनलीपूर’ असं आहे. बहमनी राज्य स्थापन झालं 1347 साली, आदिलशाही आली 1490 साली. म्हणजे आदिलपूर हे नाव कुणाच्या तोंडी येण्याच्या कितीतरी आधीपासून ‘पूर’ लागलेलं हे नाव दगडावर कोरलेलं होतं. पुढे किल्ल्यातल्या एका लेखात ‘सोनलपूर’ सापडतं, तिथल्याच विहिरीवरच्या लेखात ‘संदलपूर’. या सगळ्यात सोळाचा आकडा कुठंच नाही.

पण मला सर्वांत पटतो तो पुरावा आपल्या जिभेवरचा आहे. मराठी माणूस ‘सोळा’ म्हणतो, ‘सोला’ म्हणत नाही. मग गाव ‘सोळापूर’ का झालं नाही? मराठीची जुनी रीत अशी, की शब्दाच्या पोटातला एकेरी ‘ल’ घासून ‘ळ’ होतो आणि जोड ‘ल्ल’चा साधा ‘ल’ उरतो. फल म्हणून फळ, पण फुल्ल म्हणून फूल. काल म्हणजे समय, त्याचा काळ झाला. गल्लचा मात्र गाल, चुल्लीची चूल. षोडश प्राकृतात सोलस झालं आणि आपल्याकडे सोळा. तेव्हा ‘सोलापूर’मधला ‘ल’ टिकला, याचा अर्थ त्याच्यामागं जोड ‘ल्ल’ असला पाहिजे. तो आजही ऐकू येतो. एसटी स्टँडवर इंडी, विजयपूरकडून आलेल्या गाडीजवळ उभे राहा. उतरणारी कानडी आजी गावाचं नाव घेते ते ‘सोल्लापूर’. जुन्या नावातल्या ‘सोन्नल-’मधला ‘न’ पुढच्या ‘ल’त मिसळला की हेच होणार. माझ्या मते ती आजी आपल्या पुस्तिकांपेक्षा जुन्या नावाच्या जास्त जवळ आहे.

यावर एक बचाव मी ऐकला आहे. दखनीत सोळाला ‘सोला’च म्हणतात, तेव्हा नाव दखनी राज्यकर्त्यांनी दिलं असेल. तसं असतं तर 1316 साली दगडावर काय कोरलं होतं?

आणि मूळ नाव? कल्याणीच्या कलचुरींच्या काळातले सिद्धरामांविषयीचे लेख ते स्पष्ट सांगतात: सोन्नलगे, पुढे सोन्नलगी. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम, आपले सिद्धेश्वर, कन्नड वाङ्मयात ‘सोन्नलिगेचे सिद्धराम’ म्हणूनच ओळखले जातात. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रेनं त्यांनी वचनं रचली. राघवांकानं त्यांचं चरित्र काव्यात लिहिलं. अल्लमप्रभू इथं आले तेव्हा सिद्धराम माणसं लावून तळं खोदवत होते, अशी कथा ‘शून्यसंपादने’त आहे. किल्ल्याला लागून असलेला तलाव आपण रोज पाहतो, त्या तलावाच्या गावाचं नाव सोन्नलगे होतं. सोळा गावांच्या बेरजेनं पुसलं जातं ते हे सगळं: कानडी संतांचं, वचनांचं, कष्टानं खोदलेल्या पाण्याचं गाव. कुठल्याशा महसुली हिशेबातून जन्मल्यासारखं ते दिसू लागतं.

याच सिद्धेश्वरांच्या संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेत सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, उंच नंदीध्वज, आणि कानडी सम्मतीचं वाचन. ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ कानावर आलं की लाखभर हात एकदम वर जातात आणि तांदूळ हवेत उडतात. त्यात मराठी, कानडी, तेलुगू बोलणारे सगळे असतात. गेल्या खेपेला भाची माझ्या शेजारी उभी होती. केसांत अडकलेले तांदूळ वेचता वेचता तिनं विचारलं, ‘मामा, पुढच्या वर्षी पण मी सोन्नलगेच लिहू ना?’

लिही म्हटलं.